चित्राच्या ठिपक्यांमागची गोष्ट

दुपारी साडेतीनच्या सुमारास आमच्या पश्चिमेच्या खिडकीत ऊन उतरते आणि आमची बेंगाल जातीची मांजर चित्रा त्यात अंग पसरते, तेव्हा तिच्या पाठीवरच्या केसांची टोके सोन्याची पूड भुरभुरल्यासारखी चमकू लागतात. बेंगाल मांजरांच्या या चमकेला पैदासकार ‘ग्लिटर’ म्हणतात, आणि तिचे मूळ दिल्लीतल्या एका बेवारस बोक्यापर्यंत जाते, हे मला या जातीच्या इतिहासातले सर्वांत सुंदर प्रकरण वाटते.

या जातीचा बंगाल प्रांताशी थेट संबंध नाही. दक्षिण व पूर्व आशियातल्या जंगलांत, आपल्या सह्याद्रीतही, राहणाऱ्या बिबट मांजराच्या शास्त्रीय नावातील ‘बेंगालेन्सिस’ या शब्दावरून तिला हे नाव मिळाले. अमेरिकेत पैदासकार जीन मिल यांनी 1963 मध्ये स्वतःजवळच्या बिबट मांजरीचा साध्या काळ्या बोक्याशी संकर केला. तो प्रयोग पुढे खंडित झाला. नंतर मांजरांच्या रक्तकर्करोगाच्या विषाणूवर संशोधन करणाऱ्या डॉ. विलार्ड सेंटरवॉल यांच्याकडून त्यांना संकरित माद्या मिळाल्या आणि काम नव्याने सुरू झाले. अडचण अशी की पहिल्या काही पिढ्यांतले नर वंध्य असतात. त्यामुळे या माद्यांसाठी घरगुती नर शोधणे भाग होते, आणि 1980च्या दशकाच्या सुरुवातीला मिल यांना दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात, गेंड्याच्या आवारात वावरणारा, लालसर अंगाचा, गडद ठिपक्यांचा तो बोका दिसला. अमेरिकेत नेलेल्या या बोक्याची संतती आज जगभर आहे. मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या द इंटरनॅशनल कॅट असोसिएशन या संस्थेने 1986 मध्ये या जातीची नोंद सुरू केली आणि 1991 मध्ये तिला स्पर्धेचा पूर्ण दर्जा दिला.

घरी पाळायचे बेंगाल मूळ बिबट मांजरापासून निदान चार पिढ्या दूर असावे. चित्रा त्याहूनही पुष्कळ दूरची आहे, तरी पाण्याशी तिचे नाते मी इतर कोणत्याही मांजरात पाहिलेले नाही. वाडग्यातले पाणी ती आधी उजव्या पंजाने ढवळते, पंजा चाटते, आणि मगच तोंड लावते. बाथरूमचा नळ ठिबकत असेल, तर अर्धा तास धारेखाली पंजा धरून बसते.

केवळ ठिपक्यांवर भाळून हे मांजर आणू नये, असे मी कळकळीने सांगते. त्याची निगा केसांपेक्षा त्याच्या चपळाईची घ्यावी लागते. आखूड, दाट केसांना आठवड्यातून एकदा ब्रश पुरतो. मात्र रोज दोन वेळा मनापासून खेळणे, चढायला छताजवळ फळ्या, आणि बाल्कनीला भक्कम जाळी यांवाचून भागत नाही. दिवसभर घर बंद ठेवून बाहेर राहणाऱ्या कुटुंबात हे मांजर कंटाळते, मग ओरडते, पडदे फाडते आणि कधी कधी शी-शूसाठी ठेवलेल्या ट्रेबाहेर लघवी करू लागते. दोष मात्र त्याच्या ‘जंगली रक्ता’ला दिला जातो, हे मला अन्यायाचे वाटते.

पिल्लू घेताना आईवडिलांच्या तपासण्यांचे कागद मागावेत. आम्ही ज्यांच्याकडून चित्राला आणले, त्यांनी ते शेवटपर्यंत दिले नाहीत, म्हणून आम्हीच तिची जनुकीय तपासणी करून घेतली. या जातीत पायरुवेट कायनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) उणिवेमुळे तांबड्या रक्तपेशी लवकर फुटून रक्तक्षय होतो, तर दृष्टिपटलाच्या एका आनुवंशिक विकारात पिल्लाची नजर कोवळ्या वयातच जाऊ लागते. दोन्ही विकारांत सदोष जनुक आई व वडील अशा दोघांकडूनही यावा लागतो, म्हणून जोडी जुळवण्याआधीची एक चाचणी पिल्लांचा पुढचा त्रास वाचवते. चित्राचे दोन्ही अहवाल निर्दोष आले. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा विकार मात्र अशा एका चाचणीने कायमचा निकालात निघत नाही, म्हणून तिच्या हृदयाची सोनोग्राफी आम्ही दरवर्षी करतो. त्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर ती माझ्या कोपरात तोंड खुपसून निमूट पडून राहते.