तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी शिपायाचा गणवेश

दिवाळीआधी अंगणात किल्ल्याची माती भिजायला लागली की हा प्रश्न हमखास येतो. पेशवाईतल्या मराठी शिपायाचा गणवेश नेमका कसा होता? नाटकवाले विचारतात, शाळकरी मुलांचे आईबाप विचारतात. उत्तर असं की बहुतेकांना गणवेश नव्हताच.

शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. अंगात ज्याच्या घरी जे असेल ते. कुणाची बाराबंदी, कुणाचा कापूस भरलेला डगला, कमरेला शेला, डोक्याला पागोटं. एकसारखे कपडे आले ते युरोपी पद्धतीची कवायत शिकलेल्या पायदळात. 1784 साली महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपी लष्करी साहेबाला चाकरीत घेतलं. त्याच्या पलटणीतल्या तिलंग्यांचा, म्हणजे कवायती शिपायांचा, पोशाख कंपनीच्या शिपायांच्या धर्तीवरचा, बंदुकीला संगीन. त्याच फौजेतले नजीब नावाचे पायदळ शिपाई मात्र देशी कपड्यांत, तोडेदार (पेटत्या वातीनं उडणारी) बंदूक आणि ढाल-तलवार घेऊन.

आता चित्रांचं. एका जुन्या छापील चित्रावरून मी नाटकासाठी स्वार काढून दिला होता. तलवार उजव्या कमरेला. तालमीला दांडपट्टा खेळणारे एक आजोबा आले होते. त्यांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, "उजव्या हातानं उपसून दाखव बरं." हात अडकला. तेव्हा उमगलं: तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरलं की छापताना डाव्याचं उजवं होतं. कोरणाऱ्यानं मूळ चित्र उलटं करून घेतलं नसेल, तर तलवार बाजू बदलते, अंगरख्याचे बंदही बदलतात. तेव्हापासून कुठलंही चित्र समोर आलं की आधी कंबर बघते.

तरी चित्रांशिवाय चालत नाही. थॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी 1809 साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. तिथून लिहिलेल्या त्याच्या पत्रांच्या पुस्तकात दहा रंगीत चित्रं आहेत, आपल्याकडच्या चित्रकारानं काढलेली. शीर्षकपानावर त्या चित्रकाराचं नाव नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका फिरंगी तलवारीनं. पातं युरोपातलं, सरळ आणि लांब. मूठ इथल्या कारागिराची. मुठीच्या टोकाला पुढे आलेला गज, दोन्ही हातांनी वार करताना दुसऱ्या हाताला पकड मिळावी म्हणून. आतली कापडी गादी एकाच जागी झिजून काळी पडली होती, अंगठा टेकतो तिथे. माझा अंगठा बरोबर त्याच जागी बसला. मी बराच वेळ ती खाली ठेवली नाही.

तेव्हा यंदा किल्ल्यावर पेशवाईतली फौज मांडणार असाल, तर सगळ्या शिपायांवरून एकच रंग फिरवू नका. दहा जणांना दहा पागोटी द्या. आणि तलवार डाव्या कमरेला.