समास

वेंगुर्ल्यात फ्रेमिंगचं दुकान चालवायचं म्हणजे निम्मं आयुष्य बुरशीशी भांडण्यात जातं. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. काच कागदाला टेकलेली असेल तर जुलैत आत ओल धरते आणि जलरंग काचेला चिकटतो. म्हणून मध्ये माउंट, म्हणजे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, घालून फट ठेवायची, मागून ब्राउन टेपनं सगळ्या कडा बंद करायच्या, आणि भिंतीला फ्रेमचा पाठीमागचा बोर्ड लागू नये म्हणून खाली दोन बुचं लावायची. हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून तो त्याचे पैसे द्यायला कुरकुरतो. सोनेरी मोल्डिंगचे मात्र लगेच देतो.

मार्चमध्ये चित्रकलेच्या एका सरांचे विद्यार्थी आले. सर निवृत्त होणार होते. सगळ्यांनी आपापल्या हातानं काहीतरी केलेलं, आणि एकसारख्या फ्रेमा हव्या होत्या. सरांची पेन्सिल पोर्ट्रेट ढीगभर. सगळी व्हॉट्सॲपच्या डीपीवरून केलेली, त्यामुळे सगळ्यांत चष्म्यावर तोच ट्यूबलाइटचा पट्टा. एका मुलीनं सावंतवाडीच्या गंजिफासारखी पत्त्यांची गोल पानं केली होती. पिंगुळीकडच्या एकीनं चित्रकथीच्या धर्तीवर मोठ्या डोळ्यांचे सर काढले होते, हातात धनुष्याऐवजी ब्रश. हे चित्र मला विकत घ्यावंसं वाटलं.

आणि एक मळका कार्ट्रिज पेपर. तांब्या, सोललेला नारळ, मागे चुरगळलेला पंचा. इंटरमिजिएटच्या, म्हणजे सरकारी चित्रकला परीक्षेच्या, सरावाचं स्थिरचित्र. तांब्याचं तोंड एका बाजूला कललेलं, आणि डाव्या समासात वरपासून खालपर्यंत नुसते लंबगोल.

सरांचा नियम गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मुलाच्या चित्रावर ते कधी हात मारत नाहीत. चुकलेलं समासात काढून दाखवतात आणि पुढच्या बाकाकडे जातात. इतर ठिकाणी शिक्षकच अर्धं चित्र पुरं करून देतात, कारण इंटरमिजिएटला अ श्रेणी आली की दहावीला 7 गुण वाढतात आणि पालकांचं लक्ष त्या 7 वरच असतं.

वर्गणी गोळा करणारा, आता बँकेत असलेला माजी विद्यार्थी म्हणाला, "हा कागद जरा खराब आहे. दोन इंचाचा माउंट घाला, समास झाकला जाईल." ज्याचा कागद होता तो मुलगा मागे उभा होता. बाकीचे गेल्यावर हळूच म्हणाला, "काका, ह्या अख्खा दिसाक होया." मग त्यानं सांगितलं. वरचे तीन-चार लंबगोल सरांचे, आठवीतले. त्याखालचे सगळे त्यानं आता काढलेत, सरांच्याच क्रमानं पुढे चालवत. सर डावखुरे, त्यांची छटा उलट्या तिरकस रेघांची. हा उजव्या हाताचा असून तो तिरकसपणाही त्यानं उचललाय.

मी कागद खिडकीशी नेऊन आडव्या उजेडात धरला. वरचं शिसं जुनं, कागदात मुरून मंद झालेलं. खालचं अजून चकाकतं, आणि हाताचा दाब जास्त, कागदात चर पडलेत. एरवी कोणाला कळणार नाही. मी माउंटची खिडकी कागदाहून मोठी कापली. कागद जपानी टिश्यूच्या बिजागऱ्यांनी, खळ लावून, नुसत्या वरच्या कडेनं टांगला. फाटक्या कडांसकट अख्खा. काच वर राहावी म्हणून कडेनं आत पट्ट्या बसवल्या. सेलोटेप आणि फेविकॉलनं चित्रांचं जेवढं वाटोळं झालंय तेवढं वाळवीनंही केलं नसेल. बँकवाल्यानं त्या फ्रेमेकडे पाहून तोंड वाकडं केलं, पण पैसे दिले.

निरोप समारंभ झाला. आठवड्यानं सर स्वतः ती फ्रेम घेऊन दुकानात. बाकीच्या सगळ्या घरी लागल्या म्हणाले.

"ह्येचो समास झाक. चित्र तेचा. माझ्यो रेघो कित्याक?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मी काहीच बोललो नाही, फ्रेम ठेवून घेतली.

सरांना सगळेच लंबगोल स्वतःचे वाटले. ज्या माणसानं असे हजारो काढले असतील, त्याला आपला हात आणि पोराचा हात वेगळा ओळखता आला नाही. मुलाला हे कळलं तर याहून मोठी श्रेणी त्याला कोण देणार? पण झाकलं तर त्यानं दिलेली भेटच झाकली जाते. आणि मी सांगितलं, तर सरांना जे आपल्या डोळ्यांनी सापडायला हवं होतं ते फ्रेमवाल्याच्या तोंडून कळणार. मुलगा मला 'सांगू नका' म्हणाला नव्हता. 'सांगा' असंही म्हणाला नव्हता.

आता मे संपत आला. समास झाकायला उघडलेली फ्रेम पावसाळ्यात दुकानात ठेवणं म्हणजे कागद घालवणं, जूनच्या आत मागून टेप मारायलाच हवी. काल सरांना फोन केला.

"सर, कुठपर्यंत झाकायचं ते तुम्हीच येऊन दाखवा. सकाळी या, खिडकीतून ऊन आडवं येतं."

"फ्रेमेक ऊन कित्याक?"

"माप नीट घेता येतं," म्हटलं.

बुधवारी येतो म्हणाले. मुलालाही त्याच वेळी बोलवावं का, ते अजून ठरत नाही.