बटरपेपरवरचं नॉर्थ कॅरोलायना

भाची नॉर्थ कॅरोलायनात राहते. रविवारी सकाळी तिचा फोन येतो, तेव्हा तिच्याकडे शनिवारची रात्र असते. परवा भलतीच तापली होती. "मामा, यांनी परत नकाशा बदलला!" मला वाटलं, घराच्या प्लॅनचं काहीतरी असेल. निघाला काँग्रेसच्या मतदारसंघांचा. (तिकडची काँग्रेस म्हणजे संसद, आपली नव्हे. आणि तिथे या रेषा राज्याचे आमदारच काढतात.)

माझी अख्खी नोकरी ट्रेसर म्हणून गेली. टी-स्क्वेअर, रॉट्रिंग पेन आणि डोळ्यांतून पाणी काढणारा अमोनिया प्रिंटचा वास. नकाशा म्हटलं की हात शिवशिवतात. तिच्याकडून जुने-नवे सगळे मागवले, खारेगाव नाक्यावर प्रिंट काढल्या आणि बटरपेपर टाकून बसलो.

१९९२ चा बारावा मतदारसंघ म्हणजे गांडूळच. शार्लटपासून डरहॅमपर्यंत आय-८५ हायवेला चिकटलेला, कुठेकुठे हायवेइतकाच रुंद. यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं, ते समजू शकतं.

पण २०१६ चा नकाशा? गुटगुटीत तेरा तुकडे, अर्ध्या तासात ट्रेस झाला. आमच्या साहेबांनी शाबासकी दिली असती. आणि तो मांडणारे रिपब्लिकन आमदार उघड सांगत होते की दहा जागा आमच्या, तीन डेमोक्रॅटांच्या व्हाव्यात म्हणूनच काढलाय, अकरा-दोन जमेलसं वाटत नाही म्हणून. निकाल? दहा-तीन.

ग्रीन्सबरो गाव मोठं करून पाहिलं. तिथे ए अँड टी नावाचं कृष्णवर्णीयांचं जुनं विद्यापीठ आहे. १९६० साली वर्णभेदाच्या निषेधात गोऱ्यांच्या लंच काउंटरवर जाऊन बसलेली ती चार पोरं इथलीच. रेष आली ती थेट कॅम्पसमधून, लॉरेल स्ट्रीटवरून. रस्त्याच्या एका बाजूची पोरं सहाव्या मतदारसंघात, दुसऱ्या बाजूची तेराव्यात. डेमोक्रॅटांकडे झुकणारी मतं अशी दुभंगली, दोन्हीकडे निवडून आले रिपब्लिकनच. माझी पेन्सिल तिथे जरा अडखळली.

२०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, पक्षाच्या फायद्याची रेष हा फेडरल (म्हणजे केंद्राच्या) कोर्टांचा विषय नाही. मग राज्यातल्या कोर्टांत खेळ सुरू. २०२२ ला जागा चौदा झाल्या, कोर्टाच्या नकाशावर सात-सात. पुढे राज्याच्या सुप्रीम कोर्टातलं बहुमत रिपब्लिकनांकडे गेलं, २०२३ ला नवा नकाशा आला, २०२४ ला दहा-चार. त्याच दिवशी त्याच मतदारांनी ट्रम्प यांनाही जिंकवलं आणि गव्हर्नर म्हणून डेमोक्रॅट जोश स्टाइन यांनाही! पण तिथल्या गव्हर्नरला या नकाशांवर व्हेटोच नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात परत खोडरबर.

भाची म्हणाली, "तुमचं बरंय, मत द्यायचं की मोकळं."

बरं कसलं! आमच्याकडे आमदार रेषा काढत नाहीत, हे खरं. २००८ ची फेररचना निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने केली. खासदार-आमदार सहयोगी सदस्य होते, पण त्यांना मत नव्हतं. तरी आमचा कळवा बघा. महापालिका ठाण्याची, पाणीपट्टी ठाण्याची, पूल ओलांडला की ठाणे. लोकसभेला मात्र आम्ही कल्याणात, थेट अंबरनाथबरोबर. आणि ठाण्याच्या मतदारसंघात कोण? मीरा-भाईंदर आणि बेलापूर. रेष वेडगळ आहे, पण कोणाला पाडायला काढलीय असं मला तरी दिसत नाही. ग्रीन्सबरोची रेष सुबक होती.

बटरपेपर संपलाय. उद्या पूल ओलांडून परमतदारसंघातून आणतो.