रिकव्हरी मेल कुणाचा?

माझं काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला की नव्वद टक्के वेळा प्रिंटर अडकलेला असतो. त्या दिवशी मालक म्हणाले, "बायर म्हणतोय, तुमचं बँक खातं बदललं. आम्ही कुठं बदललं ओ?"

पैसे गेले का, एवढंच विचारलं. गेले नव्हते. त्या परदेशी खरेदीदाराच्या अकाउंटंटला शंका आली आणि त्यानं व्हॉट्सअॅपवर विचारलं. आलेल्या प्रोफॉर्मावर, म्हणजे आगाऊ बिलावर, आयबॅन होता. आयबॅन म्हणजे काही देशांत चालणारा बँक खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. भारतातल्या खात्याला आयबॅन नसतो. आपल्याकडे खाते क्रमांक आणि बँकेची ओळख सांगणारा स्विफ्ट कोड चालतो. सोलापूरला वर्षानुवर्षं पैसे पाठवणाऱ्या माणसाच्या नजरेत ते बरोब्बर भरलं. नाहीतर ऑर्डरची उरलेली रक्कम चोराकडे गेलीच होती.

मालकांना म्हटलं, बायरला आत्ताच्या आत्ता फोन करा, मेल नको. आणि मी येईपर्यंत कुणी पासवर्ड बदलू नका, मेलही उघडू नका. पैसे जायची भीती असती तर असं सांगितलं नसतं. पण बायर सावध झालेला असताना पुरावा आधी. जीमेल कॉम्प्युटरवर उघडलं की उजवीकडे तळाशी बारीक अक्षरात शेवटच्या हालचालीची ओळ असते, तिथं तपशील दाबला की एक तक्ता उघडतो. त्यात शेवटच्या फक्त १० नोंदी असतात. चार जणांनी चार फोनवर मेल उघडून बघितला की चोराची नोंद खाली ढकलली जाते आणि गायब. नवी पेठेतले आमचे काही व्यवसायबंधू गेल्या गेल्या पासवर्ड बदलून पाचशे रुपये घेतात आणि निघतात. तक्ता कुणी बघत नाही.

तक्त्यात सात नोंदी मोबाइलच्या, ठिकाण मुंबई. मालक लगेच म्हणाले, "मुंबईत आमचं कोण आहे ओ?" कुणी नाही. मोबाइल डेटाचा पत्ता बऱ्याचदा कंपनीच्या मोठ्या केंद्राचा दिसतो. सोलापुरात बसून तुम्ही मुंबईत किंवा पुण्यात दिसता. त्या नोंदी मालकांच्याच फोनच्या होत्या. दोन ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या. उरली एक: ब्राउझर, नेदरलँड्स, पहाटे ३ वाजून १० मिनिटं. माणूस नेदरलँड्समध्ये बसलाय असं त्यावरून म्हणता येत नाही, भाड्याचा सर्व्हर कुठलाही असू शकतो. पण त्या वेळी ऑफिसला कुलूप असतं, एवढं पक्कं.

फोटो काढले आणि सेटिंगमधल्या फिल्टरवर गेलो. आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं, याचा नियम म्हणजे फिल्टर. एकच फिल्टर. बायरच्या डोमेनवरून येणारा प्रत्येक मेल: इनबॉक्स वगळा, वाचलेला म्हणून खूण करा. बस्स. मेल पुसले जात नव्हते. 'सगळे मेल'मध्ये सुखरूप पडून होते, पण इनबॉक्समध्ये येत नव्हते आणि न वाचलेल्यांत मोजलेही जात नव्हते. मालकांना वाटत होतं, बायर गप्प बसलाय. फॉरवर्डिंग, म्हणजे आलेला मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं, लावलं असतं तर पहिला आठवडाभर इनबॉक्सवर सूचनेची पट्टी दिसते, म्हणून चोरानं ते लावलंच नव्हतं. तो रोज येऊन स्वतः वाचत होता.

पुढचा भाग बघून मात्र त्याला मनातल्या मनात दाद दिली. 'अकाउंट्स' टॅबमध्ये, पाठवणाऱ्याच्या नावापुढच्या बदलाच्या दुव्यात, उत्तर कुठं यावं याचा वेगळा पत्ता भरता येतो. तिथं मालकांचाच जीमेल पत्ता होता, फक्त टॉवेलच्या पुढे एक 'एस' जास्त. म्हणजे बायरला गेलेला मेल खराखुरा मालकांच्या खात्यातून गेलेला, कुठंही खोट नाही; त्यानं 'रिप्लाय' दाबलं की उत्तर चोराकडे. मी तो 'एस' बोट ठेवून दाखवला, तरी मालकांना तिसऱ्यांदा वाचल्यावर दिसला.

मग खात्याच्या सुरक्षा पानावर रिकव्हरीचा मेल आणि नंबर बघितला, म्हणजे खातं परत मिळवायला कोड जिथं जातो ते. दोन्ही जुन्या क्लार्कचे. तो आठ महिन्यांपूर्वी भांडून गेलेला.

मालक तेलुगूत मुलाशी दोन वाक्यं बोलले आणि त्या क्लार्कला फोन लावून मोकळे झाले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. थांबा म्हणेपर्यंत झालं होतं. रिकव्हरीला नंबर असणं म्हणजे आत शिरणं नव्हे, आणि डिव्हाइसच्या यादीत त्याचा फोन कुठं नव्हताही. शिवाय ते खातं उघडलं तेव्हा "त्याचंच घाला, मला कुठं ओटीपी बघता येतो" असं मालक म्हणाले होते आणि घालणारा मीच होतो. मालकांना हे आठवत नव्हतं. मी आठवण करून द्यायला अर्धा तास घेतला.

चोर शिरला कधी, हे खात्यात सापडेना. सुरक्षेच्या घडामोडी २८ दिवसांपर्यंतच दिसतात आणि नवीन लॉगिनचा इशारा इनबॉक्समधून पुसलेला, कचरापेटीतूनसुद्धा. पण तो इशारा रिकव्हरी मेललाही जातो. मी क्लार्कला फोन केला, बराच वेळ ऐकून घेतलं, मग त्यानं शोधून स्क्रीनशॉट पाठवला. ४१ दिवसांपूर्वीचा. "आला होता दादा. मला काय करायचंय त्यांच्या मेलशी, म्हणून सोडून दिला." काय बोलणार?

त्या तारखेच्या आसपासचे मेल चाळले. एक 'पर्चेस ऑर्डर', जोडलेली फाइल एचटीएम. ती उघडली की मागे अंधुक एक्सेल दिसतं आणि पुढे मेलचा पासवर्ड मागणारी चौकट. ऑर्डर एक्सेल किंवा पीडीएफमध्ये येते. एचटीएम म्हणजे वेबपान, त्याला तुमच्या पासवर्डचं कामच नाही. ऑफिसातली नवीन मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "पहिल्यांदा चुकलाय म्हणालं, म्हणून परत टाकला." दोनदा मागतातच. पहिल्यांदा माणूस घाईत चुकवतो, दुसऱ्यांदा जपून टाकतो. तिला कुणी बोलू नये असं मी मालकांना सांगितलं. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणं, बंद होतं आणि पासवर्ड कारखान्याचं नाव अधिक १२३ होता. तो तिनं ठेवलेला नव्हता.

आवरायला दोन तास लागले. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणखी काही बसलंय का याची खात्री नव्हती, म्हणून पासवर्ड मालकांच्या फोनवरून बदलला. सगळी डिव्हाइस साइन आउट. फिल्टर आणि उत्तराचा पत्ता पासवर्ड बदलल्यानं जात नाहीत. ते हातानं काढले. खात्याचा ताबा दुसऱ्याला दिलाय का, तेही त्याच टॅबमध्ये असतं, दिलेला नव्हता. जोडलेली दोन अनोळखी अॅप काढली. टू-स्टेप ऑथेंटिकेटर या कोड देणाऱ्या अॅपवर लावलं आणि फोन हाताशी नसेल तेव्हाचे १० बॅकअप कोड कागदावर लिहून तिजोरीत ठेवले. खोट्या मेलचे 'मूळ स्वरूप', म्हणजे मेल कुठून कसा आला याच्या तपशिलासकट, उतरवून घेतले आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली. दुसऱ्याच्या नावाचा असा वापर आयटी कायदा २००० च्या कलम ६६सी मध्ये बसतो. पैसे गेले असते तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, बाकी सगळं नंतर.

शेवटी रिकव्हरीला मालकांच्या मुलाचा नंबर आणि मेल घातला. आता एक गोष्ट सांगणं भाग होतं: बदलल्यानंतरही ७ दिवस जुन्या नंबरवर किंवा मेलवर कोड पाठवायचा पर्याय गूगल देऊ शकतं. चोरानं रिकव्हरी बदलली तर खऱ्या मालकाला परत येता यावं, म्हणून ती सोय. मालक माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजे आठवडाभर त्याच्याच हातात?"

"तो आठ महिने होताच की," मी म्हटलं.

आठव्या दिवशी सुरक्षेच्या घडामोडी पुन्हा बघितल्या. मालकांच्या आणि मुलाच्या फोनशिवाय काही नव्हतं. क्लार्कचा दीड महिन्याचा पगार राहिलाय, हे मालकांनी त्या दिवशी आपणहून सांगितलं. दिला का, ते मी विचारलेलं नाही.