उन्हात ठेवलेलं गाणं

मे महिन्यात मामाच्या गच्चीवर तीन गोष्टी हमखास उन्हात पडलेल्या असायच्या. आजीच्या कुरडया, कापसाच्या उशा आणि टेपरेकॉर्डरचे चार सेल. दुपारी वीज नसायचीच, त्यामुळे गाणी सेलवर. सेल उतरले की ते कठड्यावर ओळीनं मांडायचे आणि ऊन कललं की परत आत घालायचे, ही त्या घरची रीत. खरंच थोडा जीव यायचा त्यांच्यात. चार-पाच गाणी निघायची. मग गाणाऱ्या बाईंचा हळूहळू बुवा व्हायला लागायचा आणि जिन्यावरून कुणीतरी ओरडायचं, 'सेल गेले रे!'

वाळवण राखायचं काम आम्हा पोरांकडे. हातात वेळूची काठी, डोक्यावर ओला पंचा. ओलसर कुरडया कोण खात होतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण हिशेबात नाव कावळ्याचं लागायचं.

'झुकझुक झुकझुक आगीनगाडी' हे गाणं मात्र आमच्या कामाचं नव्हतं. मामाच्या गावाला रेल्वेच नाही. आम्ही लाल एसटीनं जायचो, फुफाट्यातून, खिडकीची काच थडथडत. थडथडीवर कुणी गाणं लिहिलं नाही. शिवाय गाण्यातली मामी सुगरण आणि रोज शिकरण करते, यावर आमच्या मामीचा कायमचा आक्षेप होता. 'शिकरणीला कसली आलीय सुगरण? केळं कुस्करायचं आणि दुधात ढकलायचं! आणि ते पुढचे गुलाबजाम कोण तळणार, रेल्वेवाले?' गाणं लागलं की ती भांडी जरा जोरात आपटायची.

उन्हाळ्याची गाणी म्हणून आज आठवायला बसलं तर हाती फारसं काही लागत नाही. पावसाची ढीगभर आहेत, चांदण्याची त्याहून जास्त, वसंताचं तर विचारूच नका. वैशाखाला कुणी वालीच नाही. ऋतूंना राग वाटून दिले तेव्हा पावसाला मेघ मिळाला आणि ग्रीष्माला दीपक. तो गाऊन तानसेनाच्या अंगाची आग झाली आणि ती विझवायला मल्हार गावा लागला, अशी दंतकथा. म्हणजे उन्हाळ्याच्या वाट्याला एक राग आला, तोही गाणाऱ्याला न परवडणारा. मग आम्हीही उन्हाळ्यात पावसाचीच गाणी गायचो. भर बाराला, तापलेल्या गच्चीवर, 'नाच रे मोरा'.

ते गाणं 'देवबाप्पा' चित्रपटातलं, १९५३ सालचं. शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, आवाज आशाबाईंचा. मामाचा जन्म १९५५चा आणि विविध भारती सुरू झाली १९५७ला. त्यामुळे मामा मोराला थोरल्या भावाचा मान द्यायचा आणि विविध भारतीला धाकट्या बहिणीसारखं वागवायचा. दुपारी जेवून आडवा झाला की उशाशी रेडिओ, 'मनचाहे गीत' आणि फर्माईश करणाऱ्यांची ती लांबलचक यादी. झुमरी तलैयाचं नाव आलं की डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायचा, 'आले बघ आपले पाहुणे.' मला ते गाव मामाच्या सासरकडचं वाटायचं.

मोराचं गाणं ज्या बालगीतांच्या कॅसेटमध्ये होतं, तिची ही हकिकत. मी तेव्हा दुसरीतून तिसरीत गेले होते. एका दुपारी मोर रडायला लागला. गाणं जड झालं, ओढत ओढत चाललं. सगळ्यांनी निदान केलं, सेल गेले. ते कठड्यावर गेले. मला वाटलं, सेल बिचारे एकटे काय करणार, कॅसेटलाही अशक्तपणा आला असेल. मी तीही सेलांच्या शेजारी उन्हात ठेवली. चांगली उताणी, दोन्ही भोकं सूर्याकडे करून.

चार वाजता सेल टवटवीत झाले. कॅसेट मात्र मध्ये खोलगट झाली होती, तव्यावरून उतरवलेल्या पापडासारखी. टेपरेकॉर्डरमध्ये शिरेचना. चौकशी बसली. माझा मामेभाऊ आदल्याच दिवशी आंब्याच्या पेटीवर नाचताना सापडला होता, त्यामुळे पुरावा लागलाच नाही. त्यानं धपाटा खाल्ला. मी कुरडया मोजत बसले.

मामानं रात्री कंदिलाच्या उजेडात ऑपरेशन केलं. शिवणयंत्राच्या स्क्रू-ड्रायव्हरनं पाच स्क्रू काढले, आजीची भूपाळ्यांची कॅसेट उघडली, तिची टेप बाजूला काढून मोराची टेप तिच्या पोटात बसवली आणि पेन्सिल घालून सैल पडलेली रीळ गरगर ओढून घेतली. (भूपाळ्यांची गुंडाळी पुढं कित्येक वर्षं एका मोज्यात होती. आजीनं बरेच दिवस मामाशी धड बोलणं टाकलं होतं.) या सगळ्यात एक वीतभर टेप चुरगळली. मोर परत नाचू लागला, पण काळा कापूस पिंजल्याची ओळ आली की आशाबाईंचा आवाज विहिरीत वाकून गायल्यासारखा आत जायचा, दोन हेलकावे खायचा आणि वर यायचा. वर आला की आम्ही टाळ्या वाजवायचो. पुढचे पाच-सहा उन्हाळे ते गाणं आम्ही असंच ऐकलं. कॅसेटवर नाव अर्थातच भूपाळ्या.

आता फोनवर बोट टेकलं की तोच मोर येतो, स्वच्छ, धुऊन पुसून. चांगलं वाटतं. पण ती ओळ सरळ निघून जाते आणि माझं पाऊल जिन्यात पायरी नसावी तसं पोकळीत पडतं.

मागच्या वर्षी मामेबहिणीच्या मुलाची मुंज होती. रात्री पोरांना गोळा करून गाणी चालली होती. कुणीतरी मोर काढला. आम्ही चौघं भावंडं मांडवाच्या चार कोपऱ्यांत होतो, पन्नाशीला टेकलेली. ती ओळ आली आणि चौघांचाही आवाज एकदम आत गेला, दोन हेलकावे खाल्ले, वर आला. बाकीचा मांडव सरळ पुढं निघून गेला होता.

मामेबहिणीचे यजमान संगीतविशारद. त्यांनी न राहवून विचारलं, 'मामा, अख्ख्या माहेरचा सूर त्याच जागी कसा हो जातो?'

मामा सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, 'त्या ओळीला ऊन लागलंय.'

मग अडकित्ता मिटला आणि चष्म्यावरून थेट माझ्याकडे बघितलं.