नऊ तास दहा मिनिटं

मी टूर मॅनेजर आहे. 2019 च्या मे महिन्यातली एक सकाळ डोक्यातून जात नाही, ती लिहून काढतेय.

मुंबई, ॲम्स्टरडॅम, एडिंबरा असा प्रवास होता. पुढे आठ दिवस स्कॉटलंड-इंग्लंड, मग लंडनहून रेल्वेने पॅरिस, तिथे तीन रात्री आणि घरी. माणसं बावीस, बहुतेक साठीपुढची. ॲम्स्टरडॅमला मधे नऊ तास दहा मिनिटं मिळणार होती.

लोकांना नऊ तास म्हणजे अख्खा दिवस वाटतो. शेवटची व्हीलचेअर विमानातून बाहेर येईपर्यंत चाळीस मिनिटं जातात. पासपोर्टच्या रांगेला एक तास धरायचा (2025 च्या ऑक्टोबरपासून चेहऱ्याचा फोटोही घ्यायला लागलेत, तेव्हा आता दीड). पुढच्या विमानाच्या तीन तास आधी परत यायचं, कारण पुन्हा पासपोर्ट, पुन्हा सिक्युरिटी, आणि स्किपोलला, म्हणजे ॲम्स्टरडॅमच्या विमानतळावर, गेटपर्यंतचं चालणं काही थोडं नाही. उरले साडेचार. त्यातला तासाहून जास्त वेळ जाण्यायेण्यात आणि टॉयलेटच्या रांगेत. म्हणून मधल्या शहरात एकच गोष्ट करायची, ती नीट करायची, हा माझा नियम. चार ठिकाणं दाखवतो म्हणणारे मॅनेजर लोकांना फक्त पळवतात.

ती एक गोष्ट कोणती, यावर ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर महिनाभर चर्चा चालली. बहुतेकांना कालव्यातली बोट हवी होती. मिरजेच्या एक काकू मात्र हटून बसल्या. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. रोज रात्री त्या रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’बद्दल एकेक मेसेज टाकायच्या. चित्र 1642 चं, शहराच्या रक्षकदलाचं. 1715 मध्ये ते नगरभवनात हलवलं तेव्हा दोन दारांमधल्या भिंतीवर मावेना, म्हणून चारी बाजूंनी कापलं. सर्वांत जास्त डावीकडून, तिथली काही माणसंच गेली. कापण्याआधीची एक छोटी नक्कल शिल्लक आहे, तिच्यावरून काकूंनी तो गेलेला भाग पेन्सिलीने काढून त्याचा फोटो टाकला होता. शेवटी मतं घेतली, बोट हरली. ते चित्र जिथे आहे त्या राइक्सम्यूझियमची बावीस तिकिटं मी ऑनलाइन काढली.

त्या सकाळी विमानातून उतरल्यावर मी सगळ्यांना एका खांबापाशी गोळा केलं. रांगेत शिरण्याआधी प्रत्येकाचा पासपोर्ट व्हिसाच्या पानावर उघडून हातात द्यायचा, ही माझी सवय आहे. काकूंच्या यजमानांचा, काकांचा उघडला. एन्ट्रीच्या रकान्यात ‘मल्ट’. काकूंचा उघडला. ‘01’.

बाहेरच्यांना यातली मेख कळणार नाही. नेदरलँड्स, फ्रान्स धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा म्हणजे शेंगेन; ब्रिटन त्यात नाही. त्यावर ‘मल्ट’ म्हणजे आत अनेकदा जाता येतं, 01 म्हणजे एकदाच. विमानतळाच्या आतल्या आत विमान बदललं तर ती एन्ट्री खर्च होत नाही. पण तीन तासांसाठी शहरात गेलं आणि आत आल्याची नोंद झाली की संपली. तिथल्या अधिकाऱ्याने काकूंना हसून सोडलं असतं, त्याच्या दृष्टीने सगळं रीतसर होतं. भोगायची वेळ आली असती आठव्या दिवशी: पॅरिसच्या गाडीची फ्रेंच पासपोर्ट तपासणी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातच होते, तिथे त्यांना अडवलं असतं.

पासपोर्ट व्हिसा लागून परत आले तेव्हा ऑफिसने नाव, नंबर, तारखा ताडून पाहिल्या होत्या. एन्ट्रीचा रकाना कोणी वाचला नाही. व्हिसा विभागात कागद पुढे ढकलायची घाई असते. झेरॉक्सचा गठ्ठा दहा दिवस माझ्याकडेही होता. मीही वाचला नाही.

मी काकूंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, तुम्हाला बाहेर येता येणार नाही. कारण सांगितलं. पॅरिस बुडेल हेही सांगितलं. तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, “काय झालं?” आणि सगळ्यांना कळलं.

काका म्हणाले, “मीही थांबतो.”

“अहो, तुम्ही जा,” काकू म्हणाल्या. “डावा कोपरा नीट बघून या.”

राइक्सम्यूझियमची एक छोटी शाखा विमानतळाच्या आतच आहे, फुकट, काही जुनी डच चित्रं असलेली. त्यांना मी तिथवर नेलं. वीस युरो दिले, जवळचं टॉयलेट दाखवलं, माझा नंबर कागदावर लिहून दिला. काकू चित्रांकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. “जा गं, तुझी माणसं खोळंबलीत.”

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन. स्किपोलला फलाटावर जाताना फाटक नाही, नुसते खांब आहेत. तिकीट तिथे टेकवायचं राहिलं की ॲम्स्टरडॅम सेंट्रलच्या फाटकात माणूस अडकतो. मी खांबाशी उभं राहून एकवीस वेळा ‘पी’ असा आवाज मोजला. पाव तासात सेंट्रल, मग 2 नंबरची ट्राम. काका चित्राच्या डाव्या बाजूला उभे राहिले ते हलेनात. कापल्यावरही ते चित्र पुरुषभर उंचीच्या दुप्पट आहे. काकांनी फोनवर कडेचे फोटो काढले, वीत-वीतभर भागाचे, वरून खालपर्यंत. परतीच्या गाडीत ते कोणाशी बोलले नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा काकू त्याच जागी होत्या. त्यांनी फोटो एकेक करून मोठे करून पाहिले, म्हणाल्या, “रंग फोनमध्ये कळत नाहीत.” एवढंच.

आठव्या दिवशी सेंट पँक्रसला त्यांच्या पानावर शिक्का बसला आणि माझा जीव भांड्यात पडला. गाडी सुटल्यावर काकू माझ्या शेजारी येऊन बसल्या.

“अगं, एक विचारू? त्या दिवशी मी बाहेर आले असते, तर फक्त पॅरिसच गेलं असतं ना?”

“हो.”

“आणि लंडनहून थेट घरी जाता आलं असतं?”

“वेगळं तिकीट काढून, हो.”

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. “मग मला तसं विचारायचंस. पॅरिस मला नकोच होतं, यांना हवं होतं.”

ग्रुप एकत्र राहिला पाहिजे, वाटेत कोणाचं काही बुडता कामा नये, हे इतकी वर्षं माझ्या अंगात भिनलंय. खांबापाशी दुसरा रस्ता मला सुचलाच नव्हता. आता माझ्या तक्त्यात तारखांच्या शेजारी एन्ट्रीचा रकाना आहे, तो मी झेरॉक्स हातात येते त्याच दिवशी भरते. पण काकू बोलल्या ते त्या रकान्याबद्दल नव्हतं.

त्या उठून काकांजवळ गेल्यावर मी फोन काढला. त्याच रात्रीच्या लंडन-मुंबई विमानात जागा होत्या.