तिसाव्या पानावरची खूण

शनिवार, रात्र

आज ती पुस्तक परत करून गेली. ग्रंथालयातले जे कपाट माझ्याकडे सोपवले आहे, त्यात तेरा ते अठरा या वयातल्या मुलामुलींसाठीच्या कादंबऱ्या आहेत. महिन्याभरापूर्वी त्यांतलीच एक मी तिच्यासाठी मुद्दाम निवडून काढली होती. पुस्तक टेबलावर ठेवत ती म्हणाली, "छान आहे, काकू," आणि मी पुढे काही विचारायच्या आत पाठ फिरवून दुसऱ्या कपाटाकडे निघून गेली. ती गेल्यावर मी पुस्तक उघडून पाहिले. तिसाव्या आणि एकतिसाव्या पानांच्या मध्ये वहीच्या कागदाची एक चारपदरी घडी तशीच राहून गेली होती. तिथपर्यंतची पाने हाताळून मऊ झाली होती आणि त्यापुढची कोरी करकरीत होती, त्यांना बोट लागल्याची खूणही नव्हती.

तिसाव्या पानावर काय आहे, ते मला पाठ आहे. कादंबरीतली मुलगी रुग्णालयाच्या लांब ओसरीत बसली आहे, आतून डॉक्टर बाहेर येतात आणि त्यांच्या चालण्यावरूनच तिला कळते की आई गेली. अतिशय संयमाने लिहिलेला प्रसंग आहे, आणि त्या संयमामुळेच मला ती कादंबरी इतकी आवडली होती. पण ही चौदा वर्षांची मुलगी वर्षापूर्वी वडिलांना मुकली आहे. मला तिच्यात तिचे दुःख तेवढे दिसले आणि त्या दुःखावरचे पुस्तक मी औषधाची पुडी द्यावी तसे तिच्या हातात ठेवले.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी तिच्या नावावरच्या नोंदी पाहिल्या. गेल्या सहा महिन्यांत तिने ध्रुवप्रदेशातल्या मोहिमांवरची दोन पुस्तके नेली होती, एक समुद्रप्रवासाची कथा नेली होती आणि सांकेतिक लिपीतली पत्रे उलगडणाऱ्या मुलांची एक रहस्यकथा तर दोनदा नेली होती. तिला काय हवे आहे, ते तिने इतक्या स्पष्टपणे सांगून ठेवले होते, आणि मी ती नोंदवही उघडण्याचेही कष्ट घेतले नव्हते. याचे मला आज फार वाईट वाटले, आणि ते इथे लिहून ठेवावेसे वाटले.

रविवार

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी 1990 साली मुलांच्या पुस्तकांविषयी लिहिताना आरसे, खिडक्या आणि सरकती काचेची दारे अशी तीन रूपके वापरली. काही पुस्तकांत वाचणाऱ्याला स्वतःचे आयुष्य दिसते, काहींतून दुसऱ्याचे आयुष्य दिसते आणि काहींतून चक्क पलीकडे पाऊल टाकून त्या जगात शिरता येते. ज्यांच्यासारखी मुले पुस्तकांत कधी भेटतच नाहीत, त्यांच्यासाठी आरसा किती मोलाचा असतो, हा त्यांच्या मांडणीतला कळीचा मुद्दा आहे आणि तो मला पूर्ण पटतो. मात्र आपण मोठी माणसे यातला आरसा तेवढा उचलतो आणि दार विसरून जातो. ज्या मुलीला रोज सकाळी उठल्याबरोबर तेच दुःख दिसते, तिला पुस्तकातही तेच दाखवण्याचा अधिकार मला कोणी दिला? आरशासमोर केव्हा उभे राहायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. तिला दार हवे होते. बर्फाळ प्रदेशात, कुत्र्यांच्या गाड्यांमागून, अन्नाचा साठा मोजत निघालेल्या माणसांबरोबर ती कित्येक तास राहू शकली असती, आणि तेवढा वेळ तिच्याकडे कोणी कीव करून पाहिले नसते.

दुपारी 'द आउटसायडर्स' पुन्हा वाचायला घेतली. एस. ई. हिंटन यांनी ही कादंबरी लिहायला सुरुवात केली तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या, आणि 1967 साली ती छापून आली तेव्हा अठरा वर्षांच्या. आपल्या आसपासच्या मुलांचे जगणे तेव्हाच्या पुस्तकांत कुठेच सापडत नाही, ही त्यांची तक्रार होती, आणि कुमारवयीनांसाठीच्या आजच्या कादंबरीची गोष्ट सांगताना बहुतेक जण याच पुस्तकापासून सुरुवात करतात. प्रकाशकांनी त्यांच्या नावाची आद्याक्षरेच मुखपृष्ठावर घातली, कारण मुलांच्या टोळ्यांची कथा एका मुलीने लिहिली आहे हे कळले तर समीक्षक ती गंभीरपणे घेणार नाहीत, अशी त्यांना धास्ती होती. आज वाचताना तिच्यातले काही प्रसंग भाबडे वाटतात, काही ठिकाणी भावना काठोकाठ भरून सांडते. तरीही माझ्या कपाटातल्या कितीतरी सफाईदार कादंबऱ्यांपेक्षा ती मुलांना जवळची वाटते, कारण सांगणारा मुलगा त्या वयाच्या आत उभा राहून सांगतो आहे.

मला वाटते, या कादंबऱ्यांची खरी ओळख इथेच आहे. नायक सोळा वर्षांचा असला की कादंबरी कुमारांची झाली, असे होत नाही. प्रौढांसाठी लिहिलेल्या कितीतरी कादंबऱ्यांत बालपण आणि तारुण्य असते, पण तिथे सांगणाऱ्याला पुढचे सगळे माहीत असते, आणि त्या माहितीची सावली प्रत्येक वाक्यावर पडलेली असते. कुमारांच्या कादंबरीत सांगणाऱ्याला उद्या काय होणार ते ठाऊक नसते. मैत्रिणीने बोलणे टाकले तर ते कायमचेच आहे असे त्याला वाटते, कारण त्या वयात ते तसेच असते. आपल्याकडे मिलिंद बोकील यांची 'शाळा' 2004 साली आली. ती काही कुमारांसाठी म्हणून लिहिलेली नाही, पण आणीबाणीचा काळ तिच्यात नववीतल्या मुलाच्या नजरेतून येतो. म्हणूनच मोठी माणसे तिच्यात आपले हरवलेले दिवस शोधतात, आणि पंधरा वर्षांची मुले तिच्यात आजचा दिवस शोधतात. एकाच पुस्तकाची ही दोन वाचने किती वेगळी असतात, हे मी टेबलापलीकडे बसून अनेकदा ऐकले आहे.

मंगळवार

शिफारस करण्यासाठी वाचणे आणि आपल्यासाठी वाचणे यांत फरक पडतो, हे मला उशिरा कळले. आता मी नव्या कादंबरीची पहिली वीस पाने दोनदा वाचते. पहिल्यांदा स्वतःसाठी, आणि दुसऱ्यांदा ओळखीचा एखादा ठरावीक मुलगा किंवा मुलगी डोळ्यांसमोर ठेवून. 'किशोरवयीन वाचक' असा एक सरसकट वाचक मनात धरला की वाचन पोकळ होते. बारा वर्षांच्या वाचकाला चौदा वर्षांचा नायक हवा असतो आणि चौदाच्याला सोळाचा. मुले नेहमी पुढच्या पायरीवरच्यांविषयी वाचतात, आणि धाकट्यांचे म्हणून दिलेले पुस्तक त्यांच्या मनातून तिथल्या तिथे उतरते. मुखपृष्ठावरचे चित्र लहान मुलांचे वाटले तर आतला मजकूर कितीही प्रौढ असो, ते पुस्तक कपाटातच पडून राहते.

एक पंधरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे नेमाने येतो. बोलतो फार कमी. काही दिवसांपूर्वी त्याने परत केलेल्या पुस्तकाचे शेवटून दुसरे प्रकरण माझ्यासमोर उघडले आणि एका परिच्छेदावर बोट ठेवले. "हे वाक्य त्या मुलाचं नाहीये," तो म्हणाला. मी वाचले. घर सोडून गेलेला नायक परत येतो, आजी त्याला जवळ बसवून क्षमेचे महत्त्व सांगते, आणि पुढच्याच ओळीत त्याला सगळे पटलेले असते. "इथे पुस्तक आईसारखं बोलायला लागलं," असे म्हणून तो गप्प झाला. इतके नेमके परीक्षण मी कोणत्याही नियतकालिकात वाचलेले नाही. तेव्हापासून प्रत्येक कादंबरीत मी ती जागा शोधते, जिथे लेखकाचा धीर सुटतो आणि तो पात्राच्या तोंडून आपणच बोलू लागतो. ती जागा सापडली, आणि पुस्तकात बाकी फारसे बळ नसले, तर मी ते सुचवत नाही.

बुधवार

एका मुलीचे वडील आज विचारत होते, "यात काही वाईट नाही ना?" त्यांच्या आवाजात धाक नव्हता, काळजी होती, त्यामुळे उत्तर नीट द्यायला हवे होते. या कादंबऱ्यांत मृत्यू असतो, मोडलेली घरे असतात, व्यसन असते, शरीराविषयीचे प्रश्न असतात, प्रेम असते, कधी स्वतःला इजा करून घेणारे मूलही असते. यात वाईट काही नाही असे म्हणून मी वेळ मारून नेली, तर ते खोटे ठरेल. म्हणून त्या पुस्तकात काय आहे, कोणत्या प्रकरणात आहे आणि ते किती तपशिलाने येते, हे मी त्यांना सांगितले. तेच सगळे मी त्यांच्या मुलीलाही सांगितले, आणि नको वाटले तर ते प्रकरण ओलांडून पुढे जाता येईल, असेही सांगितले. बहुतेकदा फक्त पालकांना सांगितले जाते, आणि ज्याला वाचायचे आहे त्यालाच अंधारात ठेवले जाते. मला हे योग्य वाटत नाही.

शेवटाविषयीही मी आधी बोलते. रॉबर्ट कॉर्मिए यांच्या 1974 सालच्या 'द चॉकलेट वॉर'मध्ये शाळेतल्या दंडेलीपुढे एकटा उभा राहिलेला मुलगा शेवटी हरतो, आणि त्याच्या हरण्याला कोणी गोंडस रूप देत नाही. मला ही कादंबरी खरी वाटते आणि म्हणून आवडते, पण ती ज्याच्या त्याच्या हातात देता येत नाही. जो मुलगा सध्या तशाच छळातून जातो आहे, त्याला मी ती आपण होऊन देणार नाही. त्याने मागितली तर देईन, आणि देताना सांगेन की हे पुस्तक दिलासा देत नाही.

शुक्रवार

फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी 1992 साली वाचकाचे दहा हक्क मांडले. पहिला, न वाचण्याचा. तिसरा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा. आणि दहावा, वाचलेल्याविषयी गप्प राहण्याचा. आज ती यादी पुन्हा आठवली आणि शनिवारचा प्रसंग वेगळ्या प्रकाशात दिसला. "छान आहे, काकू," असे म्हणून तिने पाठ फिरवली, तेव्हा ती माझे मन राखत होती आणि त्याच वेळी तिसरा व दहावा हक्क शांतपणे बजावत होती. ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक नियम आहे. पुस्तकाला पन्नास पाने द्यावीत, आणि वाचकाचे वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करून उरतील तेवढीच द्यावीत. माझ्या अठ्ठावन्न वर्षांच्या हिशेबाने मला बेचाळीस पाने पुरतात. तिने माझ्या शब्दाखातर तीस पाने दिली, आणि तीही कशावरची. तिच्या जागी मी असते तर दहाव्या पानावरच पुस्तक मिटले असते.

माझी विचारण्याची पद्धत मी बदलायची ठरवली आहे. "तुला कसली पुस्तकं आवडतात?" या प्रश्नाला या वयातली मुले खांदे उडवतात, कारण त्या प्रश्नात परीक्षेचा वास असतो. त्यापेक्षा, रात्री जागून शेवटपर्यंत काय वाचले, पाहिले किंवा खेळले, असे विचारले की डोळे लकाकतात. मग त्यातले नेमके काय सोडवेना, तेवढे ऐकायचे. कोणाला कोडे सुटण्याची ओढ असते, कोणाला चार मित्रांच्या टोळीतली थट्टा हवी असते, कोणाला नुसता वेग. त्या धाग्याने तीन पुस्तके काढायची, प्रत्येकाविषयी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलायचे नाही, ती समोर ठेवायची आणि आपण दुसऱ्या कामाला लागायचे. परत आल्यावर "कसं वाटलं?" हे विचारायचे नाही. हे शेवटचे मला सर्वांत जड जाणार आहे, कारण आवडलेल्या पुस्तकाविषयी दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची मला फार हौस आहे.

शनिवार

ती आली. मी टेबलाच्या कडेला तीन पुस्तके ठेवली होती. एक ध्रुवावरच्या हिवाळ्यात अडकलेल्या जहाजाची कादंबरी, एक नकाशे काढणाऱ्या मुलीची, आणि एक पाणबुडीतल्या रहस्याची. "यातलं काही बघायचं असेल तर बघ," एवढेच म्हटले. मग खणातून ती चारपदरी घडी काढून तिच्यापुढे धरली. "तुझी खूण राहिली होती." तिने ती घेतली. मी ती उलगडून पाहिलेली नाही, हे घडीवरून तिला कळले असावे, कारण माझ्याकडे पाहून ती जराशी हसली. तिने जहाजाची कादंबरी उचलली, घडी पहिल्या पानात सारली, आणि तिथेच टेबलाला टेकून वाचू लागली. माझ्यासमोर एक मुलगा पुस्तक नोंदवण्यासाठी थांबला होता. मी नोंदवही ओढून त्याचे नाव विचारले.